नागपूर-नाशिक विमानाचा टाइम: वेबसाइटचा, तिकिटाचा अन आमच्या आईचा

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे. एक ती वेबसाइट, जिच्यात आपण दोन एअरपोर्टची नावं टाकतो अन ती झटक्यात अंतर अन उड्डाणाचा टाइम सांगते. दुसरं म्हणजे ते नागपूर-नाशिक पंख्यावालं छोटं विमान, ज्यात मी फेब्रुवारीत आईला घेऊन जाऊन आलो. साइटचं नाव लिहीत नाही कारण अशा दहा साइट आहेत अन सगळ्या एकाच साच्यातल्या, अन विमान कंपनीचं पण नाही लिहीत, मला ना तिची जाहिरात करायची आहे ना बदनामी. आकडे मात्र घड्याळ लावून घेतलेले आहेत. मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करून बसलो होतो, आई शेजारच्या बाईला म्हणे, लोकं विमानात झोपतात अन हा माणूस घड्याळ पाहून रायला.

तर झालं असं की आमची ताई नाशिकला राहते, इंदिरानगरला, अन तिच्या नवीन फ्लॅटची वास्तुशांती होती. दरवेळेस आमचा कार्यक्रम ठरलेला, रात्री नागपूरला सेवाग्राम एक्सप्रेसमध्ये बसा अन सकाळी नाशिक रोडला चहा प्या. रेल्वेनं साधारण 650 किलोमीटर होतात, 10-11 तास लागतात, अन खरं सांगायचं तर ट्रेनचं काही वाईट नाही, झोपून जाता येतं. पण आईला 73 पूर्ण झाले, गुडघे दोन्ही गेलेले, अन यावेळी खालचा बर्थ काही मिळाला नाही. भाऊजी म्हणाले समृद्धीनं कार घेऊन या, शिवमडक्याहून चढलं की बोटाच्या इशाऱ्यावर शिर्डी. बरोबर आहे त्यांचं, नागपूर ते शिर्डी 520 किलोमीटरचा टप्पा डिसेंबर 2022 मध्येच सुरू झालाय अन आता तर पूर्ण 701 किलोमीटर खुला आहे, पण नाशिकपर्यंत सहाशेच्या वरच जातं, चालवणारा मी एकटा, अन त्या सरळ रोडवर दुपारी जेवून गाडी चालवली की डोळे कसे मिटतात हे ज्यानं चालवली त्यालाच माहीत. आईला दर दीड तासानं पाय मोकळे करावे लागतात ते वेगळंच. म्हणून मग ठरलं, विमान.

आता माझी एक खोड आहे, तिकीट काढायच्या आधी मी सगळं चेक करतो. त्या साइटवर गेलो, एका डब्यात नागपूर, दुसऱ्यात नाशिक टाकलं. उत्तर आलं 546 किलोमीटर, म्हणजे 339 मैल, म्हणजे 295 नॉटिकल मैल. उड्डाणाचा टाइम 1 तास 11 मिनिटं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं की दोन्ही शहरांच्या वेळेत फरक 0 तास, हे बरं झालं सांगितलं, नाहीतर आम्ही घड्याळ मागं करून बसलो असतो. वरती नकाशा, त्यावर एक निळी रेघ. मी काय केलं, स्क्रीनशॉट काढला अन घरच्या ग्रुपवर टाकून दिला, खाली लिहिलं, संध्याकाळी 5:20 चं विमान आहे. हीच चूक झाली. भाऊजी बँकेत होते, हिशोबाचा माणूस, त्यांनी 5:20 मध्ये 1 तास 11 मिनिटं मिळवले अन 6:31 ला विमान ओझरला, म्हणजे नाशिकच्या एअरपोर्टवर, उतरणार हे मनात पक्कं करून टाकलं.

अंतराच्या बाबतीत मी साइटला नावं ठेवणार नाही. 546 हा आकडा बरोबर आहे, मी स्वतः अक्षांश-रेखांश घेऊन करून पाहिला, दोन-चार किलोमीटर इकडंतिकडं होईल फक्त. साइट काय करते, दोन्ही एअरपोर्टचा मधला बिंदू घेते, साधारण धावपट्टीच्या मध्यावरचा, अन पृथ्वी गोल आहे हे धरून दोघांमधलं जवळात जवळचं अंतर काढते. नॉटिकल मैल पण त्यातूनच आलेला आहे, अक्षांशाचा एक अंश म्हणजे 60 नॉटिकल मैल, एक मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, वैमानिक लोक त्यातच बोलतात. म्हणजे हे अंतर सोनेगावच्या, म्हणजे नागपूर एअरपोर्टच्या, धावपट्टीपासून ओझरच्या धावपट्टीपर्यंत आहे, आमच्या मानेवाड्यातल्या घराच्या दारापासून नाही अन झिरो माइलच्या त्या चार घोड्यांपासून पण नाही. आपण नागपूरकर लहानपणापासून ऐकत आलो की सगळं अंतर झिरो माइलपासून मोजतात, त्या खांबावर आजूबाजूच्या गावांची अंतरं मैलात कोरलेली आहेत ती पाहत मोठे झालो, विमानाला त्याचं काही सोयरसुतक नाही.

मला त्या साइटमधलं सगळ्यात आवडलं ते ती निळी रेघ. झूम करून पाहा एकदा. नागपूरहून निघाली की वर्धा नदी ओलांडते, मग अमरावतीच्या बेलोरा एअरपोर्टच्या जवळपास डोक्यावरून जाते, मग अकोला, अगदी अकोल्यावरून, मग बुलडाणा, मग मनमाड, अन ओझर. अख्ख्या वऱ्हाडाची ओवलेली माळ वाटते. रेल्वे पण अकोल्यापर्यंत जवळपास हीच वाट धरते पण तिथून वर भुसावळला जाते अन मग खाली मनमाडला येते, रेल्वेचे जे शंभर किलोमीटर जास्त होतात त्यातले बरेचसे तिथंच वाढतात. बुलडाणा शहराला तर रेल्वेच नाही, अन विमानाची सरळ रेघ मात्र बरोब्बर त्याच्या डोक्यावरून जाते. माझे एक बुलडाण्याचे मित्र आहेत, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, हो भाऊ, आमच्या नशिबात वरून जाणारंच सगळं.

आता टाइमवर येतो. इथं साइट साफ झोपली. 1 तास 11 मिनिटं हा आकडा कुठून आला हे शोधायला मला एक रविवार लागला, पण सापडलं. मी वेगवेगळ्या जोड्या टाकून पाहिल्या, नागपूर-मुंबई, नागपूर-पुणे, नागपूर-हैदराबाद, अन मग अंतर अन टाइम वहीत लिहून वजाबाक्या केल्या. गंमत अशी निघाली की प्रत्येक वेळेस अंतराला ताशी 805 किलोमीटरनं भागलंय अन वरून अर्धा तास टाकलाय. बस. हाच फॉर्म्युला. 805 म्हणजे 500 मैल, कोणीतरी मैलवाल्यानं ठरवून टाकलेलं. 546 भागिले 805 म्हणजे 41 मिनिटं, अधिक चढण्या-उतरण्याचे 30, झाले 1 तास 11.

मुंबईला हे चालतं. नागपूर-मुंबई सरळ अंतर पावणेसातशेच्या वर आहे, तिथं मोठी जेट विमानं जातात, साइटचा टाइम तिकिटाच्या जवळपास येतो. पण नाशिकला आमचं होतं एटीआर, पंख्यावालं. 78 सीट, इकडं दोन तिकडं दोन, मधून वाट. हे विमान सपाट उडताना ताशी 500 च्या आसपास जातं, 805 त्याच्या बापजन्मात नाही. म्हणजे 546 किलोमीटर नुसते सरळ कापायला एक तास पाच मिनिटं, त्यात चढताना स्पीड कमी, उतरताना कमी, अन विमान काही निळ्या रेघेवरून जात नाही, त्याला ठरलेल्या हवाई वाटा असतात, उतरायच्या आधी धावपट्टीच्या रांगेत यायला वळसा असतो. साइट हे काहीच विचारत नाही, कुठलं विमान, कुठली दिशा, कुठला महिना. एक डबा अजून टाकला असता, विमान पंख्याचं की जेटचं, तर अर्धं काम झालं असतं.

अन अजून एक कमाल ऐका. साइटवर मी नागपूर-अमरावती टाकलं. उत्तर आलं 142 किलोमीटर, उड्डाणाचा टाइम 41 मिनिटं. अरे पण असं विमानच नाही ना बाप्पा! अमरावतीचं एअरपोर्ट 16 एप्रिल 2025 ला सुरू झालं ते मुंबईच्या विमानासाठी, नागपूरहून अमरावतीला कोण उडणार आहे, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गर्दीत अडकलेला माणूस रिंग रोडला लागेपर्यंत एवढा टाइम जातो. मग चंद्रपूरच्या मोरव्याची धावपट्टी टाकली, तिचा पण टाइम आला, 39 मिनिटं. भाच्यानं ते पाहून लगेच विचारलं, मामा चंद्रपूरला फ्लाइट सुरू झाली का? नाही रे राजा, साइटला फक्त दोन ठिपके पाहिजेत, मधात विमान आहे की नाही याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही. हे कुठंतरी लिहायला पाहिजे होतं, की सरळ विमान नाही, हा नुसता हिशोब आहे. नाही लिहिलं. माणूस तिकीट शोधत बसतो फुकट.

तिकिटावर आमचा टाइम होता निघायचा 5:20, पोचायचा 7:05. म्हणजे 1 तास 45. लोकं म्हणतात कंपन्या मुद्दाम वाढवून लिहितात म्हणजे लेट दिसत नाही. थोडं ते असेलही, पण तिकिटावरचा टाइम हा हवेतला नसतो, विमान जागेवरून हललं तिथपासून ते तिकडं जागेवर थांबलं तिथपर्यंतचा असतो, त्यात दोन्हीकडचं जमिनीवरचं रांगणं आलं. हे मला आधी माहीत असतं तर ग्रुपवर तो स्क्रीनशॉट गेलाच नसता.

आता प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. दुपारी 3:10 ला मानेवाड्याहून निघालो. मेट्रोनं जायचं माझ्या मनात होतं पण मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर अन टर्मिनल तिथून आत, आईला अन त्या बॅगांना घेऊन ते जमलं नसतं, म्हणून टॅक्सी. बॅगेची गोष्ट वेगळीच. माणशी 15 किलो मोठी बॅग अन 7 किलो हातातली. आईनं ताईसाठी मृग बहाराची संत्री भरली, संत्रा बर्फीचे चार डबे, सांडगे, कुरड्या, सावजी मसाला, अन एक पितळी घंगाळ, ते कायले विचारलं तर म्हणे वास्तुशांतीला लागते. काउंटरवर वजन केलं, माझी बॅग 17 किलोच्या वर. काउंटरवरची पोरगी चांगली होती, म्हणाली आजी, थोडं हातात घ्या. मग तिथंच जमिनीवर बॅग उघडून संत्री काढली अन आईच्या पिशवीत टाकली, मागच्या लाइनीत उभा असलेला एक माणूस म्हणे, भाऊ आम्हाला बी द्या एखादं. दिलं. गोड होतं, म्हणाला.

काउंटर उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतं अन गेट 25 मिनिटं आधी, हे जे पहिल्यांदा जाऊन राहिले त्यांनी लक्षात ठेवा, साइट हे पण सांगत नाही. म्हणजे हवेत दीड तास काढायला जमिनीवर दोन तास आधी द्यायचे. सिक्युरिटीनंतर आई खुर्चीवर टेकली अन म्हणाली, "एक तास अकरा मिनिटं म्हणे! मी सकाळपासून डबा बांधून बसली हाओ."

बसल्या बसल्या आईला तिच्या बाबांची आठवण आली. आमचे नाना पोस्टात होते. 1949 मध्ये रात्रीची विमान टपाल सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री इथं सोनेगावला यायची, आपापल्या टपालाच्या थैल्या अदलाबदल करायची अन पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. देशाच्या मधोमध असल्याचा नागपूरला झालेला हा खरा फायदा. नाना सांगायचे की संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत. आई म्हणे, तेव्हा पत्र माणसापेक्षा लवकर जायचं. 1973 पर्यंत ते चाललं म्हणे, मग बंद झालं. आता त्याच सोनेगावहून माणूस पत्रासारखा जातो पण त्याला दोन तास आधी यावं लागतं.

बरं, विमान. एटीआरला चढायला मागचं दार असतं, पुढच्या भागात सामान जातं. म्हणून ज्यांना गुडघ्याचा त्रास त्यांनी मागची सीट घ्यावी, चालायचं कमी, अन आवाज पण मागे कमी येतो, पंख्यांच्या रांगेत बसलं तर पूर्ण वेळ पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. पायऱ्या कमी आहेत, आई दोन माणसांच्या आधारानं आरामात चढली. पुढच्या लाइनीतल्या काकू पंख्याकडं पाहून म्हणाल्या हे जुनं विमान दिसते, तर जुनं वगैरे काही नाही, आत टर्बाइनचंच इंजिन असतं, ते पंखा फिरवतं एवढंच, कमी अंतराला अन कमी सवाऱ्यांना इंधनाच्या हिशोबानं हेच परवडतं, म्हणून तर नाशिकसारख्या गावाला विमान लागतं तरी. मोठं जेट लावलं तर भरणारच नाही अन दोन महिन्यात बंद करतील. वरची सामानाची कपाटं मात्र लहान आहेत, मोठी केबिन बॅग जात नाही, घंगाळाची पिशवी आईच्या पायाशी ठेवावी लागली.

5:26 ला विमान हललं. नागपूरची धावपट्टी आग्नेय-वायव्य आहे, वारं पाहून ठरवतात कुठल्या तोंडानं उडायचं. आमचं नशीब, वायव्येकडं उडालं, आपल्याला जायचं पश्चिमेला म्हणजे फार वळायचं काम नाही, उलटं बुटीबोरीकडं उडालं असतं तर वळसा घालून यावं लागलं असतं, त्याची पण मिनिटं जातात. 5:38 ला चाकं सुटली. एटीआरचा पंख वरती असतो म्हणून खाली सगळं मोकळं दिसतं, अन मोठी चाकं पोटात आत जाताना खिडकीतून दिसतात, आईनं ते पाहिलं अन माझा हात धरून म्हणाली, "पाय पाय, चाक आत गेलं रे! उतरतानी बाहेर येईन न?" येईन म्हटलं.

वर्धा नदी आली तेव्हा मी आईला सांगितलं की आपली रेघ कौंडण्यपूरच्या जवळून जाते. मग काय, आईनं खिडकीला हात जोडले, रुक्मिणीचं माहेर. अन म्हणाली, कृष्णानं इथूनच नेलं तिला रथात, त्याला किती टाइम लागला असेन? त्या साइटवर टाकून पाहतो म्हटलं.

अजून एक मजा. फेब्रुवारीच्या मध्यात सूर्य जिथं मावळतो, विमानाची दिशा पण जवळपास तिकडंच. म्हणजे सूर्य बरोब्बर विमानाच्या नाकासमोर. वैमानिकांना कसं दिसलं असेल त्यांनाच माहीत, आम्हाला नुसता पंखाखालचा भाग अन इंजिन तांब्यासारखं लाल झालेलं दिसलं, अन ते बराच वेळ तसंच राहिलं कारण आपण सूर्याच्या मागं पळत होतो. नाशिक नागपूरच्या पश्चिमेला पाच अंशांहून थोडं जास्त, म्हणजे तिथं सूर्य 20 मिनिटं उशिरा मावळतो. घड्याळ एकच असलं तरी. साइट जे शून्य तास फरक म्हणते ना, तो घड्याळातला, आकाशातला नाही.

सर्व्हिस ठीक. सँडविच थंड, चहा गरम, पोरी हसतमुख. यावर जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

7:02 ला चाक टेकलं. म्हणजे हवेत 1 तास 24 मिनिटं. 7:07 ला जागेवर थांबलं, तिकिटापेक्षा दोन मिनिटं जास्त, त्याला लेट कोण म्हणेल. साइटपेक्षा मात्र हवेतलेच 13 मिनिटं जास्त. ओझरचं एअरपोर्ट एचएएलचं, म्हणजे लढाऊ विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं आहे, तिथं आधी मिग बनायचे मग सुखोई, आता तेजस पण बनून राहिले, त्यामुळं धावपट्टी चांगली लांब अन टर्मिनल छोटं पण स्वच्छ. छोट्या एअरपोर्टचा हा फायदा, उतरून बॅग हातात यायला 15 मिनिटं.

बाहेर आलो तर भाऊजी. चेहरा पाहूनच समजलं. 6:30 पासून उभे, तिसरा चहा संपलेला. "अहो, तुमच्या त्या स्क्रीनशॉटवर 1 तास 11 मिनिटं होते ना? साडेसहाला यायला पाहिजे होतं. मला वाटलं विमान कुठं दुसरीकडं वळवलं का काय, तुमच्या ताईला फोन केला, तिनं देव पाण्यात ठेवले तिकडं." मी काही बोलायच्या आत आईच बोलली, "जावईबापू, त्या पोराचं नका मनावर घेऊ, हे घ्या, संत्रं खा." तेवढ्यावर निभावलं. पण सांगायचा मुद्दा, हे असं होतं एका चुकीच्या आकड्यानं, अन साइटवाल्याला त्याचा पत्ताही नसतो.

ओझरहून शहर 20 किलोमीटर अन पुढं इंदिरानगर, वाटेत द्वारका चौकात नेहमीप्रमाणं गाड्या तुंबलेल्या, 8:15 ला ताईच्या दारात. मानेवाड्याच्या दारापासून इंदिरानगरच्या दारापर्यंत 5 तास 5 मिनिटं. आता 546 ला त्यानं भागा, ताशी 107 किलोमीटर पडले. समृद्धीवर कारला 120 ची परवानगी आहे. भाऊजींनी हा हिशोब लगेच केला अन दोन दिवस सगळ्या पाहुण्यांना ऐकवला, की विमान समृद्धीपेक्षा हळू जातं. कारनं तुम्हाला दारापासून दारापर्यंत आठ तासांच्या आत कोणी आणून दाखवा, ते पण आईला घेऊन, मग बोला, असं मी म्हणालो, पण वास्तुशांतीत जावयापुढं कोणाचं चालते.

परतीची गोष्ट थोडक्यात सांगतो पण तीच खरी मजेची आहे. तेच विमान, तेवढंच अंतर, अन हवेत लागले 1 तास 13 मिनिटं. जाताना 24, येताना 13. कारण वारं. हिवाळ्यात वर पश्चिमेकडून पूर्वेला वारं वाहतं, जाताना ते तोंडावर येतं, येताना पाठीवर. विमान हवेत 500 नं जात असेल अन वारं 40 चं असेल तर जमिनीवरून एकीकडं 460 अन दुसरीकडं 540, तुम्हीच भागाकार करा, दहा मिनिटं सहज पडतात. अन साइट काय म्हणते, नाशिक-नागपूर टाका, तेच 1 तास 11 मिनिटं, उलटं टाका, तेच. मी आईला दाखवलं की बघ, येताना साइटचा टाइम जवळपास बरोबर निघाला, दोन मिनिटांचा फरक फक्त. आई म्हणाली, "मंग साइट खोटी नाई. तिनं परतीचा टाइम सांगतला होता, तू जातानी वाचला." हे ऐकून समोरच्या सीटवरचा माणूस वळून हसला.

तर मार्क. साइटला अंतरासाठी 5 पैकी साडेचार, अर्धा कापला तो मोरव्याला विमान पाठवल्याबद्दल. टाइमसाठी दीड, तो पण येतानाचा आकडा चुकून जुळला म्हणून. नकाशा पाहायला, पोरांना भूगोल शिकवायला, सरळ रेघेखाली कुठली गावं येतात ते शोधायला एकदम मस्त, माझा पुतण्या तासभर खेळला त्याच्यावर. पण कोणाला घ्यायला जायचं असेल, कोणाला टाइम कळवायचा असेल तर तिकिटावरचा पोचायचा टाइमच सांगा, अन त्यात सामानाचा पाव तास टाका. विमानाला चार. आवाज अन लहान कपाटं यांचा एक कापला. आईसारख्या माणसाला रात्रभर मधल्या बर्थवर चढवण्यापेक्षा हे हजार पटीनं बरं, पैसे थोडे जास्त गेले तरी. अन बुकिंग करताना विमान कुठलं आहे ते पाहत चला, एटीआर लिहिलं असेल तर मागची सीट घ्या, डावीकडची घेतली की जाताना दक्षिण बाजू दिसते, संध्याकाळचं असेल तर ऊन पण तिकडूनच.

येताना ताईनं नाशिकची द्राक्षं बांधून दिली, तो सीझनच होता, चार किलो. बॅग पुन्हा भरली 15 च्या वर. घंगाळ तिथंच सोडलं तरी. ओझरच्या टर्मिनलमध्ये बसून आम्ही दोघांनी एक किलो द्राक्षं संपवली.

मे महिन्यात परत जायचं आहे, धाकट्या भाच्याची मुंज. तिकिटं काढली म्हणून ग्रुपवर टाकलं तर भाऊजींचा लगेच मेसेज, साइटवरचं काही पाठवू नका, चाक टेकलं की फक्त एक फोन करा, आम्ही घरून तेव्हाच निघतो. आता बॅग हातात यायला लागतात 15 मिनिटं अन इंदिरानगरहून ओझरला यायला पाऊण तास, पण यावेळी मी हिशोब सांगितला नाही, हो म्हटलं.